फो, शिरवाळे आणि मिठाचा हिशेब

'व्हिएतनामी जेवण एकदम हेल्दी असतं म्हणे. शुगरवाल्यांना चालतं का हो?' असं विचारणारे तीन-चार जण गेल्या काही महिन्यांत भेटले. हा प्रश्न पनवेलमध्ये विचारला जातोय, याचं नवल वाटायला नको. २०२४ साली पाच लाखांच्या आसपास भारतीय व्हिएतनामला जाऊन आले. परतलेल्यांच्या फोनमध्ये हा लाँग बेचे फोटो असतात आणि जिभेवर फोची चव. त्यामुळे चायनीजच्या तेलकट नूडल्सना कंटाळलेल्या घरांत 'आज व्हिएतनामी खाऊ, ते हलकं असतं' असं ऐकू यायला लागलंय.

हे हलकं म्हणजे नेमकं काय, ते ताटात बघावं म्हणून आम्ही चौघं नवीन पनवेलमधल्या एका छोट्या व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये गेलो. सहा-सात टेबलं, भिंतीवर बांबूच्या टोप्या, काउंटरवर मालक स्वतः. नाव देत नाही, कारण बोलायचंय ते पदार्थांबद्दल. सोबत आमचे शेजारी काका, काकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. काका ६७ वर्षांचे, जन्माने पनवेलकर. रक्तदाब जुना, मधुमेह दहा वर्षांचा. मागच्या वर्षी पायांवर सूज यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी पाणी काढणारी गोळी सुरू केली आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या घरी पापड-लोणचं बंद आहे आणि ते त्यांना फार लागलंय. या जागेची निवड नातीची. 'आजोबा, इथे तुम्हाला सगळं चालेल,' असं तिने आधीच जाहीर केलं होतं.

पहिल्यांदा आले ते 'गोई कुऑन', म्हणजे न तळलेले रोल. तांदळाच्या पारदर्शक पापडीत कोळंबी, थोड्या शेवया, लेट्यूस, गाजर आणि पुदिना गुंडाळलेला, बाजूला शेंगदाण्याची चटणी. काकूंनी पापडीला बोट लावलं आणि म्हणाल्या, 'ही तर आपली ओली फेणी!' अगदी बरोबर. तांदळाचं पातळ पीठ वाफेवर पसरायचं, अलगद सोडवायचं आणि बांबूच्या ताटीवर वाळवायचं. उन्हाळ्यात कोकणातल्या अंगणात फेण्या-सालपापड्या होतात तशीच ही रीत. फरक एवढाच, की आपण त्या तळतो आणि ते लोक पाण्यात बुडवून मऊ करतात. तेल वाचतं ते इथे. एका तळलेल्या स्प्रिंग रोलच्या जागी हा रोल खाल्ला, तर फायदा खराच आहे.

पण रोल उघडून बघितला तर आत पुदिन्याची दोन पानं आणि लेट्यूसचा एक तुकडा. बाकी शेवया. व्हिएतनाममध्ये हे प्रमाण उलटं असतं. तिथे टेबलावर पाल्याचं वेगळं ताट येतं : पुदिना, कोथिंबीर, पेरिला, लेट्यूस, मोड आलेले मूग आणि जांभळ्या देठाची बेझिल. ही बेझिल म्हणजे आपल्या सब्जाच्याच झाडाची एक जात, तुळशीची चुलत बहीण. हा पाला तिथे सजावटीला नसतो. मूठ-मूठभर तोडून जेवणात घालतात. मालकांना विचारलं तर ते हसून म्हणाले, 'सुरुवातीला ताट द्यायचो. लोक म्हणायचे, एवढं गवत कशाला? तसंच परत यायचं. मग बंद केलं.' त्यांचं चूक म्हणता येत नाही, फेकायला पाला कोण विकत आणेल? पण या जेवणाचं आरोग्याच्या बाबतीत जे नाव झालं, त्यात या ताटाचा वाटा मोठा आहे. पनवेलमध्ये येईपर्यंत तोच भाग गळलाय आणि पिष्ट व मीठ तेवढं पोहोचलंय. मागितलं तर मात्र ताट मिळतं. आम्ही मागितलं, जादा पैसे पडले नाहीत.

मधुमेहींसाठी पाल्याला आणखी एक महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप-२ मधुमेहाच्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. एका दिवशी पाव आणि संत्र्याचा रस आधी, भाज्या आणि चिकन १५ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. भाज्या-चिकन आधी खाल्लं त्या दिवशी तासाभराने मोजलेली रक्तशर्करा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकराच माणसं, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण यामागचं कारण समजण्यासारखं आहे. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि पिष्टाची साखर एकदम रक्तात येत नाही. म्हणून पाल्याचं ताट आणि चिकनचे तुकडे आधी, शेवया मागून. काकांनी हे निमूट ऐकलं आणि पुदिना चघळायला घेतला.

मग फो आला. मोठा वाडगा, वाफ, आणि वाफेबरोबर असा वास की काकू दचकल्या. 'हा गोड्या मसाल्याचा वास कुठून?' फोच्या रश्श्यात हाडांबरोबर भाजलेला कांदा आणि आलं असतं, शिवाय चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे. आपल्या गोड्या मसाल्यातली निम्मी मंडळी. चक्रीफुलाचं तर माहेरच ते. आपल्या बाजारातलं चक्रीफूल मुख्यतः व्हिएतनाम आणि चीनमधून येतं. तेव्हा पनवेलच्या किराणा दुकानातून मसाला भाजायला नेणारी बाई व्हिएतनामशी व्यवहार करतच होती, फक्त तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

चक्रीफुलाबद्दल व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, की त्यात फ्लूचं औषध असतं, काढा प्या. त्यातलं खरं एवढंच : चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं आणि ऑसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध बनवायला ते कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. २००५ च्या बर्ड फ्लूच्या धास्तीत त्यामुळे चक्रीफुलाचे भावही चढले होते. पण त्या आम्लापासून औषध होईपर्यंत कारखान्यात बऱ्याच रासायनिक पायऱ्या आहेत आणि त्यातली एकही पायरी पातेल्यात घडत नाही. हाडांच्या रश्श्यामुळे गुडघे सुधारतात, कॅल्शियम मिळतं, असंही कुणीकुणी सांगतं. हाडं कितीही उकळली तरी रश्श्यात उतरणारं कॅल्शियम फारच थोडं असतं. पेलाभर दुधाची बरोबरी त्याने होत नाही. कोलॅजनचं पोटात इतर प्रथिनांसारखंच पचन होतं, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. सर्दीत हा रस्सा गरम गरम छान वाटतो. ते सुख खरं आहे, तेवढ्यावर थांबावं.

खरा प्रश्न या रश्श्याच्या मिठाचा आहे.

फोमध्ये मीठ दोन वाटांनी येतं. एक साधं मीठ, दुसरं 'नुओक माम', म्हणजे माशांचं सॉस. व्हिएतनामच्या फू कुओक बेटावर अँचोव्ही जातीचे छोटे मासे आणि मीठ साधारण तीनास एक प्रमाणात लाकडी पिंपांत भरून वर्षभर ठेवतात. माशाच्या पोटातलीच विकरं त्याची प्रथिनं विरघळवतात, मिठामुळे कुजवणारे जंतू वाढत नाहीत आणि खाली तपकिरी, पारदर्शक पाणी उतरतं. काकांना मी सांगितलं की आपली मांदेली या अँचोव्हीच्याच कुळातली. तेव्हा कुठे त्यांनी बाटली हातात घेऊन वास घेतला. 'सुकटीचा वास आहे,' त्यांचा निकाल. फरक आहे तो मिठाचा. आपल्याकडे जवळा, सुकट, बोंबील बहुधा मीठ न लावता उन्हात वाळतात, खारवतात ते बांगडा-सुरमईसारखे मोठे मासे. नुओक माम मात्र मिठावाचून होतच नाही. त्याच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मिठाच्या भाषेत साडेतीन ग्रॅम.

आता वाडग्याचा हिशेब करू. स्वयंपाक्याला 'मीठ किती घालता?' विचारलं, तर उत्तर आलं, 'अंदाजाने.' सगळे स्वयंपाकी हेच सांगतात. पण सूप जिभेला अळणी लागू नये तर त्यात साधारण पाऊण ते एक टक्का मीठ लागतं. वाडग्यात अर्धा लिटर रस्सा धरला, तर चार ते पाच ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, दोघींनीही प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे वाडगा तळापर्यंत संपवला तर काकांचं सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंतचं सगळं मीठ एका बैठकीत संपलं. वरून बशीत नुओक माम घेतलं तर उद्याच्या मिठातूनही उचल घेतली. आणि हे जेवण तेलकट नसल्यामुळे जड वाटत नाही, म्हणून संशयही येत नाही. खारट शेंगदाणे खाल्ले की हात आखडतो, सूप पिताना तो आखडत नाही.

शरीरात होतं असं की रक्तात सोडियम वाढलं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो, हृदयाला जास्त रेटावं लागतं. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड आधीच थकलेलं आहे त्यांच्या पायांवर ते पाणी दिसतं. काका रोज सकाळी पाणी काढणारी गोळी घेतात आणि दुपारी असा वाडगा पितात, म्हणजे एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं. हे एकट्या काकांचं नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि १०.१ कोटींना मधुमेह. पनवेलच्या कुठल्याही हॉटेलात चार टेबलं मोजा, त्यातलं एखादं या हिशेबात बसेलच.

उपाय सोपा आहे आणि तो खुद्द पदार्थातच आहे. फो ही आमटी नाही, ती ओरपून संपवायलाच हवी असं नाही. शेवया, चिकन, पाला काट्याने किंवा चॉपस्टिकने उचलून खायचं आणि रस्सा बराचसा वाडग्यात सोडायचा. मीठ मुख्यतः पाण्यात असतं, ते तिथेच राहतं. अळणी वाटलं तर सॉसच्या बाटलीऐवजी लिंबू आणि ताजी मिरची घ्यावी. आंबट-तिखटाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते. रस्सा वाया जातो म्हणून जिवाला लागतं, हे मला ठाऊक आहे. ताटात टाकू नये हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलंय. मग 'अर्ध्या रश्श्याचा' म्हणून सांगावा किंवा दोघांत एक मागवावा. काकूंनी तेच केलं. काकांच्या वाडग्यातला रस्सा नातीच्या वाडग्यात ओतला आणि वर पाल्याचा ढीग रचला.

ज्यांना अजिनोमोटोची भीती आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. माशांच्या सॉसची जी खोल चव आहे ती ग्लुटामेटची. टोकियोत किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून तेच ओळखलं आणि पुढे त्याची पांढरी पूड झाली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रावरून या पुडीची बदनामी सुरू झाली. पण खाणाऱ्याला न सांगता घेतलेल्या चाचण्यांत तिचा त्रास सातत्याने सिद्ध झाला नाही. काकांसारख्यांनी तिच्यापेक्षा मिठाची धास्ती घ्यावी.

शेवयांकडे वळू. काकू मूळच्या कणकवलीकडच्या. बुनच्या शेवया बघून त्यांना शिरवाळे आठवले नसते तरच नवल. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि गुळ-वेलचीच्या नारळरसात खायचे. व्हिएतनामी बुनही उकडून, दाबूनच होतात. दोन्हीकडे तांदूळ मोकळा होणारा लागतो, चिकट चालत नाही. त्यामागे अमायलोज नावाचा पिष्टाचा सरळ साखळीचा प्रकार आहे. तो शिजून निवला की घट्ट बसतो, म्हणून शेवई तुटत नाही. असं बसलेलं पिष्ट पचायलाही थोडं सावकाश लागतं. त्यामुळेच आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ताज्या तांदळाच्या नूडल्सचा ग्लायसेमिक इंडेक्स ४० च्या आसपास दिसतो, वाळवलेल्यांचा ६० च्या आसपास. आपला पांढरा भात बहुधा याच्या वर असतो.

हे वाचून मधुमेही वाचकाने खुशीत येण्याआधी वाडग्याकडे बघावं. त्यात शिजलेल्या शेवया सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम सहज असतात. म्हणजे ५५-६० ग्रॅम कर्बोदकं, साधारण तीन पोळ्यांची. इंडेक्स कमी असला तरी ढीग मोठा आहे. आणि आपल्याकडे वाळवलेल्याच शेवया वापरतात. शेवया निम्म्या, चिकन किंवा टोफू वाढवून, असं सांगितलं तर इथे ते करून देतात. तळलेल्या लसणासकट काकांनी तेवढं खाल्लं आणि पोट भरलं म्हणाले.

फोच्या निमित्ताने दालचिनीबद्दल बोलायलाच हवं, कारण यातला धोका रेस्टॉरंटमध्ये नसून घरी आहे. आपल्या बाजारात जी जाड, कडक, एकेरी सालीची दालचिनी मिळते ती बहुतेक कॅशिया असते आणि तिचा मोठा वाटा व्हिएतनाम आणि चीनमधून येतो. खरी सिलोनी दालचिनी पातळ असते, तिचे विडीसारखे अनेक पदर असतात. कॅशियात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनी सालीत नावापुरतं. व्हिएतनामी साल तर या बाबतीत वरच्या नंबरात येते. जास्त कूमरिन रोज पोटात गेलं तर काहींच्या यकृताला इजा होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवलीय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅम पुडीत सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास कूमरिन सापडतं. फोच्या मोठ्या पातेल्यात दालचिनीचे दोन-चार तुकडे पडतात, वाडग्यात येणारं प्रमाण नगण्य. गोड्या मसाल्याचंही तसंच. पण 'शुगर कमी होते' म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घेणारी माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत. तो चमचा अडीच ग्रॅमचा धरला तरी मर्यादा ओलांडली. काकूंनी माझ्याकडे न बघता काकांकडे बघितलं. त्यांच्याकडे तो डबा होता. ज्यांचं यकृत आधीच कुरकुरतंय किंवा ज्यांना यकृतावर ताण देणारी औषधं सुरू आहेत, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नये.

नातीने बान मी मागवला. फ्रेंचांनी नेलेल्या पावात कुरकुरीत गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, चिकन, काकडी, कोथिंबीर. वडापावशी नातं सांगणारा पदार्थ, फक्त बटाट्याच्या जागी कच्च्या भाज्या. चव उत्तम. काळजी घ्यायची ती आतल्या मेयोनेजची, तो कच्च्या अंड्याचा असेल आणि बाहेर राहिला असेल तर. व्हिएतनाममध्येच २०२४ च्या मे महिन्यात डोंग नाय प्रांतात एका दुकानाच्या बान मीने पाचशेहून जास्त लोक आजारी पडले होते. बाटलीबंद मेयोनेज वापरतात का, एवढं विचारायला लाज वाटू देऊ नये.

व्हिएतनामी कॉफी मात्र काकांना मी चाखूही दिली नाही. ती रोबस्टाची असते, जिच्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन. पेल्याच्या तळाशी कन्डेन्स्ड मिल्कचा जाड थर असतो. दोन मोठे चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत थांबलेलं बरं म्हटलंय. तेव्हा ज्यांना शुगर नाही त्यांनीही ही कॉफी गोड पदार्थ म्हणून मोजावी आणि संध्याकाळी सहानंतर प्यायल्यास झोपेची तक्रार करू नये.

राहिली गोष्ट कच्च्याची. मोड आलेले मूग आपल्याला घरचे वाटतात, पण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच आवडते. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. पनवेलच्या पावसाळ्यात, विशेषतः गरोदर बायका, लहान मुलं आणि केमोथेरपी घेणारे यांनी मूग रश्श्यात उकळून घालायला सांगावेत. कच्चा पाला कुठल्या पाण्यात धुतला, हेही विचारावं.

आणि शाकाहारी वाचकांसाठी : मेन्यूवर 'व्हेज फो' लिहिलेलं असलं तरी रस्सा कशाचा आणि चटणीत माशांचं सॉस आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. आमच्या टेबलावरच्या व्हेज रोलबरोबर आलेल्या चटणीत ते होतं. मालकांनी विचारल्यावर सरळ सांगितलं आणि सोयाची वेगळी वाटी आणून दिली. सोया सॉसही खारटच आहे, मोठ्या चमच्याला ९०० मिलिग्रॅमच्या जवळ सोडियम. ज्यांना मासे-कोळंबीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी तर ऑर्डर देण्यापूर्वीच सांगावं, कारण हे तिन्ही जिन्नस इथल्या चटण्यांमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत.